मेंडेल्सोन भावंडे आणि त्यांचे संशोधक

१९७० साली पॅरिसमध्ये एका पियानो सोनाटाचे हस्तलिखित उजेडात आले. त्यावर नाव होते ते ‘एफ्. मेंडेल्सोन’ एवढेच. फेलिक्स मेंडेल्सोन हा एकोणिसाव्या शतकातील जर्मन रचनाकारांच्या पहिल्या पंक्तीत बसणारा. तेव्हा हे आद्याक्षर कोणाचे, असा प्रश्न विचारण्याची गरज फारशी कोणास वाटली नाही. १९७२ साली या सोनाटाची ध्वनिमुद्रिका निघाली, तीही फेलिक्सच्याच नावाने. त्याला फॅनी नावाची थोरली बहीण होती, तीही रचना करीत असे, आणि ‘ईस्टर सोनाटा’ या आपल्या रचनेचा उल्लेख तिने १८२९ च्या रोजनिशीत करून ठेविला होता, ही गोष्ट जाणकारांस अज्ञात नव्हती. परंतु ती सोनाटा काळाच्या ओघात गहाळ झाली, अशी समजूत होती. गहाळ झालेली वस्तू आणि सापडलेली वस्तू एकच आहे, हे सिद्ध होण्यास पुढे चाळीस वर्षे लागली.

ते सिद्ध केले अँजेला मेस या अमेरिकन संशोधिकेने, २०१० साली. त्या वेळी त्या ड्यूक विद्यापीठात संशोधन करीत होत्या. पॅरिसमधील मूळ हस्तलिखित प्रत्यक्ष पाहण्याची संधी त्यांना मिळाली, आणि त्यांनी केले ते इतकेच की, अक्षर ताडून पाहिले आणि पृष्ठांक मोजले. बर्लिनच्या राज्य ग्रंथालयात फॅनीच्या रचनांची एक बांधीव वही आहे; तिच्यातील काही पाने नाहीशी झालेली आहेत. पॅरिसच्या हस्तलिखितावरील पृष्ठांक त्या रिकाम्या जागी अचूक जाऊन बसले. २०१२ साली ड्यूक विद्यापीठातच ही सोनाटा फॅनीच्या नावाने वाजविली गेली, आणि ८ मार्च २०१७ रोजी सोफिया गुल्याक यांच्या वादनातून बी.बी.सी.ने ती जगभर ऐकविली. रचना १८२८ मधील. म्हणजे कर्त्रीचे नाव लागण्यास जवळजवळ दोन शतके गेली.

या प्रकरणात आम्हांस सर्वांत विचारणीय वाटतो तो पुराव्याचा प्रकार. संगीत ऐकून कोणी निकाल दिला नाही. कागदाने दिला. आमच्या वाचकांपैकी बहुतेकांचे आयुष्य कागदांच्या सहवासात जात असल्यामुळे त्यांना याचे मर्म निराळे सांगावयास नको. नस्तीतील टिपण एकाने लिहिलेले असते, त्यावर सही दुसऱ्याची होते, आणि वीस वर्षांनी ती नस्ती उघडणारा सहीवरूनच कर्ता ठरवितो. टिपण कोणाचे हे शोधावयाचे तर भाषेच्या डौलावर विसंबून भागत नाही. अक्षर, दिनांक आणि पृष्ठांक हेच पाहावे लागतात. कलेच्या प्रांतात मात्र अभिजात कान असलेल्या माणसास आपण फार लौकर न्यायाधीश करून टाकतो. ‘ही शैली अमक्याचीच’ हे विधान ऐकावयास रुबाबदार वाटते. मेंडेल्सोन भावंडांच्या बाबतीत ते किती निराधार ठरू शकते, हे या सोनाटाने दाखवून दिले.

आणि ते निराधार का ठरावे, याचे कारण या दोघांच्या शिक्षणात आहे. फॅनीचा जन्म १८०५ चा, फेलिक्सचा १८०९ चा. दोघेही हांबुर्ग येथे जन्मले आणि बर्लिन येथे वाढले. तत्त्वज्ञ मोझेस मेंडेल्सोन हा त्यांचा आजा, वडील अब्राहम हे पेढीवाले. पियानोसाठी लुडविग बेर्गर आणि रचनाशास्त्रासाठी कार्ल फ्रीड्रिख त्सेल्टर हे गुरू दोघांना समाईक होते. बाखचे संगीत बर्लिनमध्ये फारसे कोणी काढीत नसे, त्या काळी या घरात ते नित्यपाठासारखे होते. तेरा वर्षांच्या फॅनीने बाखची चोवीस प्रेल्यूड वडिलांना मुखोद्गत वाजवून दाखविली होती. ११ मार्च १८२९ रोजी वीस वर्षांच्या फेलिक्सने बाखच्या ‘सेंट मॅथ्यू पॅशन’चे ऐतिहासिक पुनरुज्जीवन केले, तेव्हा गायकवृंदात फॅनी उभी होती. एकाच विहिरीचे पाणी प्यायलेल्या, एकमेकांच्या वह्या रोज चाळणाऱ्या आणि एकमेकांच्या रचना निर्दयपणे तपासणाऱ्या दोन माणसांची शैली कानाने वेगळी काढणे सोपे नाही. ईस्टर सोनाटात फ्यूग आहे, शेवटच्या भागात भूकंपासारखा गडगडाट आहे आणि त्यातून वर येणारे प्रार्थनागीत आहे. ही सर्व सामग्री दोघांच्याही घरची.

आता थोडे मागे जाऊन या संशोधनाचा इतिहास पाहिला पाहिजे. फॅनीविषयीची पहिली मोठी सामग्री तिच्या मुलानेच प्रसिद्ध केली. सेबास्टियन हेन्सेल याने १८७९ साली ‘मेंडेल्सोन घराणे’ या अर्थाच्या नावाचा ग्रंथ काढला. त्यात पत्रे आणि रोजनिशीतील उतारे भरपूर आहेत. परंतु मुलाने लिहिलेल्या कुटुंबवृत्तान्ताचे जे व्हावयाचे तेच येथे झाले आहे. सुसंस्कृत, संपन्न, परस्परांवर जीव टाकणारे असे एक घर त्यास उभे करावयाचे होते, आणि जे त्या चित्रात बसेना ते कात्रीखाली गेले. पुढे कित्येक दशके हीच पत्रे पुन्हा पुन्हा उद्धृत होत राहिली. मग १९३३ नंतर जर्मनीत जे राज्य आले, त्याने ज्यू वंशाचा म्हणून फेलिक्सचे संगीतच मैफलींतून हद्दपार केले. लायप्त्सिगमधील त्याचा पुतळा १९३६ साली हलविण्यात आला. ज्या काळात भावाचेच नाव घेणे अवघड झाले, त्या काळात बहिणीच्या वह्या कोण उघडणार?

दुसऱ्या महायुद्धानंतर हस्तलिखिते हळूहळू बर्लिनच्या ग्रंथालयात एकत्र येऊ लागली. येथे फेलिक्सच्या एका सवयीचा उल्लेख केलाच पाहिजे. त्याला आलेली पत्रे तो जपून ठेवी आणि त्यांचे हिरव्या बांधणीचे खंड करवून घेई. हे ‘हिरवे ग्रंथ’ आज ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयात आहेत. आवक पत्रव्यवहार इतक्या शिस्तीने राखणारा दुसरा संगीतकार आमच्या पाहण्यात नाही. फॅनीने त्याला लिहिलेली पत्रे त्यांतच सुरक्षित राहिली, आणि त्यांच्याच आधारे मार्सिया सिट्रन यांनी १९८७ साली ती मूळ जर्मन आणि इंग्रजी भाषांतर अशी संपादून काढली. फॅनीच्या रोजनिशा २००२ मध्ये छापून आल्या. २००० साली रेनाटे हेलविग-ऊनरू यांनी तिच्या रचनांची सूची केली. त्या रचना साडेचारशेहून अधिक भरतात, आणि त्यांत अडीचशेच्या आसपास गीते आहेत. आर. लॅरी टॉड यांचे फॅनीचे विस्तृत चरित्र २०१० मध्ये आले; त्यापूर्वी फेलिक्सचेही चरित्र त्यांनीच लिहिले असल्यामुळे दोन्ही बाजूंचे कागद त्यांच्या हाताखालून गेलेले आहेत, हा त्या चरित्राचा मोठा गुण. संगीतकाराच्या चरित्रात रचनांचे विवेचन आले की सामान्य वाचक पाने उलटतो. टॉड यांच्या ग्रंथातही तो मोह होतो, परंतु उलटू नयेत अशीच ती पाने आहेत.

या सर्व सामग्रीतून वाद निर्माण झाला तो असा. फॅनीच्या हयातीत तिच्या फारच थोड्या रचना छापल्या गेल्या. दोष कोणाचा? १९८० नंतरच्या लेखनात याचे उत्तर बहुधा एका शब्दात मिळे: भावाचा. फेलिक्सने बहिणीस दडपले, तिची गीते आपल्या नावावर खपविली, तिला प्रसिद्धीपासून रोखले. हे चित्र लोकप्रिय झाले, कारण त्यात एक खलपुरुष होता आणि एक बळी होता. नाटकास आणखी काय हवे? याविरुद्ध मॅरियन विल्सन किंबर यांनी २००२ साली एक महत्त्वाचा निबंध लिहिला आणि ही दडपशाहीची कथा स्वतःच कशी रचली गेली हे तपासून दाखविले. एका माणसाच्या माथी सर्व पाप मारले की समाज सुटतो, हा त्यांच्या प्रतिपादनाचा रोख आम्हांस मान्य आहे. नॅन्सी राइक यांनी १९९१ मध्ये त्याहूनही मूलगामी मुद्दा मांडला होता. फॅनीची आड आली ती केवळ स्त्रीजात नव्हे, तर तिचा वर्गही आड आला. क्लारा शूमान त्याच काळात युरोपभर वाजवीत होती, छापीत होती. कारण तिला पोट भरावयाचे होते, आणि ती ज्या थरातून आली होती तेथे स्त्रीने वादनावर पैसे मिळविणे लज्जास्पद नव्हते. पेढीवाल्याच्या मुलीस मात्र पैशासाठी कलेचे दुकान मांडणे शोभणारे नव्हते. आमच्याकडे गाणाऱ्या स्त्रियांचा आणि ‘घरंदाज’ स्त्रियांचा इतिहास ज्यांना ठाऊक आहे, त्यांना राइक यांचे म्हणणे पटण्यास विलंब लागणार नाही. जिला गाण्यावर जगावयाचे होते ती गाऊ शकली. जिला जगण्याची भ्रांत नव्हती तिला माजघरातच गावे लागले.

तरीही फेलिक्सला पूर्णतः निर्दोष ठरविण्याकडे अलीकडच्या काही लेखनाचा कल दिसतो, तो आम्हांस मान्य नाही. कागदच पाहावयाचे तर सर्व पाहिले पाहिजेत. १८२० मध्ये अब्राहमने चौदा वर्षांच्या फॅनीस लिहिले की, संगीत हा फेलिक्सचा कदाचित व्यवसाय होईल, तुझ्या बाबतीत मात्र ते अलंकारच राहिले पाहिजे. हे वडिलांचे मत. ते १८३५ मध्ये वारले. त्यानंतर घरातील मोठे मत फेलिक्सचे झाले. २४ जून १८३७ रोजी त्याने आईस लिहिलेले पत्र या वादात कळीचे आहे. आईची इच्छा होती की त्याने फॅनीस प्रकाशनासाठी उत्तेजन द्यावे. त्याने कळविले की, तिने आपण होऊन ठरविले तर मी लागेल ते साहाय्य करीन. परंतु ‘कर’ असे मी सांगणार नाही, कारण ते मला योग्य वाटत नाही. ती घर सांभाळते, आणि प्रकाशन ही गोष्ट सातत्याने करावयाची असते. हे पत्र दुष्टाचे नाही. पण ते सोयीचे आहे. स्वतःच्या संमतीवाचून बहीण पाऊल टाकणार नाही हे ज्यास पक्के ठाऊक आहे, त्याचे ‘मी अडविणार नाही’ म्हणणे अडविण्याइतकेच परिणामकारक ठरते. आणि गंमत अशी की, त्याच वर्षी फॅनीचे एक गीत एका संग्रहात छापले गेले होते, ते लायप्त्सिगमध्ये गायिले गेले, आणि फेलिक्सनेच मोठ्या आनंदाने तिला ते कळविले होते. प्रेम आणि नकार एकाच माणसाच्या मनात शेजारी शेजारी राहतात. चरित्रकारांना मात्र त्यांपैकी एकालाच जागा द्यावीशी वाटते.

गीते ‘खपविल्या’चा आरोप असाच तपासून पाहण्याजोगा आहे. फेलिक्सच्या ओपस ८ आणि ओपस ९ या गीतसंग्रहांत प्रत्येकी तीन, अशा एकूण सहा रचना फॅनीच्या आहेत, आणि संग्रहांवर नाव फेलिक्सचे आहे. ही चोरी नव्हे. कुटुंबाच्या संमतीने घडलेली गोष्ट आहे. १८४२ साली बकिंगहॅम राजवाड्यात राणी व्हिक्टोरियाने त्याच्यासमोर गाण्यास नेमके यांतीलच ‘इतालिएन’ हे गीत निवडले. राणीच्या तोंडावर फेलिक्सने कबूल केले की हे माझे नव्हे, माझ्या बहिणीचे. आणि हे कबूल करणे आपल्या अभिमानास जड गेले, असेही त्याने आईस लिहिले. या कबुलीचे कौतुक सर्व चरित्रकार करतात. आम्हीही करतो. परंतु खुद्द राणीसमोर सांगितलेले सत्य पुस्तकाच्या मुखपृष्ठावर तेव्हाही छापले गेले नाही, याची नोंदही व्हावयास हवी.

आम्हांस वाटते की, या वादात सर्वांत कमी लक्ष वेधून घेतले आहे ते खुद्द फॅनीच्या संगीताने, आणि त्यातही १८३४ मधील तिच्या तंतुवाद्य-चतुष्टयाने. ई-फ्लॅट या स्वरातील म्हणून ही रचना ओळखली जाते. परंतु पहिल्याच भागात ती आपला मूळ स्वर सहजी कबूल करीत नाही. आमच्या पद्धतीत सांगावयाचे तर गायकाने षड्ज निश्चित न लावता इकडेतिकडे फिरत राहावे, आणि श्रोत्याने ‘आता येईल, मग येईल’ म्हणून वाट पाहावी, तसा हा प्रकार आहे. फेलिक्सला तो रुचला नाही. आकार ढासळतो, स्वराची निश्चिती नाही, असे त्याने १८३५ च्या प्रारंभी लिहून कळविले. फॅनीचे उत्तर सिट्रन यांच्या संग्रहात सर्वांनी वाचावे असे आहे. तिने वाद घातला नाही. आपण दोघांनीही बेथोव्हेनच्या अखेरच्या काळापासून सुरुवात केली, तू त्यातून पार झालास, मी तेथेच अडकून राहिले, आणि कल्पना दूरवर पेलण्याचे बळ माझ्यात नसल्याने मला गीतेच अधिक साधतात, असा त्याचा आशय आहे. यानंतर तिने दुसरे चतुष्टय लिहिले नाही. हे हस्तलिखित छापले गेले ते १९८८ मध्ये.

येथे टीकाकाराचे काम सुरू होते, आणि बहुतेक संशोधक नेमके येथेच थांबतात. फेलिक्सचा अभिप्राय तांत्रिक दृष्ट्या चूक होता काय? त्याच्या शास्त्राप्रमाणे नव्हता. परंतु ज्यास तो दोष म्हणत होता ती फॅनीची स्वतंत्र दृष्टी होती, असे ही रचना दोनचार वेळा ऐकली असता स्पष्ट होते. ‘अडकून राहिले’ हे तिचे शब्द नम्रतेचे आहेत. खरे म्हणजे बेथोव्हेनच्या अखेरच्या चतुष्टयांनी जे दार उघडले, त्यातून आत जाण्याचे धैर्य तिच्यात उरले होते, आणि फेलिक्सने ते दार हलकेच लोटून घेऊन अधिक प्रमाणबद्ध, अधिक उजळ अशा दालनात बैठक मांडली होती. त्या दालनाचे सौंदर्य आम्ही नाकारीत नाही. परंतु बहीण मागे राहिली की निराळ्या वाटेने गेली, हे ठरविण्याचा अधिकार एकट्या भावाकडे होता, आणि तिने स्वतःही तो त्याच्याकडेच ठेविला, ही या नात्यातील खरी हानी आहे. गीते आपल्या नावावर छापण्याहून ही हानी मोठी. कारण छापलेले नाव संशोधकास नंतर दुरुस्त करता येते, न लिहिलेले चतुष्टय त्यास शोधून काढता येत नाही.

ज्या ठिकाणी भावाचा अभिप्राय मागितला गेला नसेल तेथे ती काय करू शकत होती, हे पाहावयाचे असल्यास ‘दास यार’, म्हणजे ‘वर्ष’, ही पियानोरचना ऐकावी. १८३९-४० मध्ये पती व मुलासह ती इटलीत राहून आली. रोममध्ये तरुण फ्रेंच कलावंत तिच्याभोवती जमत, गूनो त्यांत होता. आयुष्यात प्रथमच कुटुंबाबाहेरच्या रसिकांनी तिला रचनाकार म्हणून मान दिला. परतल्यावर १८४१ मध्ये तिने बारा महिन्यांचे बारा भाग आणि एक उपसंहार अशी ही मालिका लिहिली. तिची शुद्ध प्रत रंगीत कागदांवर आहे; प्रत्येक महिन्यास काव्यपंक्ती आहेत आणि चित्रे तिच्या चित्रकार पतीची, विल्हेल्म हेन्सेलची आहेत. मार्चमध्ये ईस्टरचे आणि डिसेंबरमध्ये नाताळचे प्रार्थनागीत गुंफलेले आहे. ही रचना १९८९ पर्यंत अप्रकाशित राहिली, आणि रंगीत प्रतीची प्रतिकृती तर २००० साली निघाली.

आमच्या वाङ्मयाच्या अभ्यासकांना हा सारा प्रकार अगदी परका वाटू नये. नामदेवांच्या गाथेत विष्णुदास नाम्याच्या रचना मिसळल्या गेल्या आणि एका नावाच्या छायेत दोन कवी कसे राहिले, हा वाद मराठी संशोधकांनी दीर्घकाळ केलेला आहे. तेथेही अखेर भाषा, पोथी आणि काळ यांचाच आधार घ्यावा लागला. ज्ञानदेव-मुक्ताबाई या भावंडांच्या बाबतीत मात्र परंपरा उदार निघाली, हे मान्य केले पाहिजे: ताटीचे अभंग परंपरेने बहिणीच्या नावाने जपले, भावाच्या खात्यावर टाकले नाहीत. अभंगात नाममुद्रा असते हे त्याचे एक कारण. पाश्चात्त्य स्वरलिपीत कर्त्याचे नाव रचनेच्या पोटात येत नाही. ते मुखपृष्ठावर असते, आणि मुखपृष्ठ फाटले की सारे संपले.

नावाचाच प्रश्न निघाला म्हणून एक खुलासा. अनेक ध्वनिमुद्रिकांवर तिचे नाव ‘फॅनी मेंडेल्सोन’ असे येते, तेच खपते. तिने स्वतः आपल्या संग्रहांवर छापले ते ‘फॅनी हेन्सेल, माहेरची मेंडेल्सोन-बार्थोल्डी’. आजचे संशोधक हेन्सेल हेच नाव वापरतात, आणि ते योग्य आहे. भावाचे आडनाव तिला पुन्हा चिकटविणे म्हणजे ज्या छायेतून तिला बाहेर काढल्याचा दावा आपण करतो, त्याच छायेत विक्रीसाठी परत उभे करणे होय.

१८४६ साली, चाळिशी उलटल्यावर, तिने प्रकाशकाशी परस्पर बोलणे केले आणि ओपस १ म्हणून सहा गीते बर्लिनच्या बोटे उंड बोक यांच्याकडून काढली. त्याआधी जुलैमध्ये तिने फेलिक्सला पत्र लिहिले. चौदाव्या वर्षी वडिलांची जी भीती वाटे तीच चाळिसाव्या वर्षी भावांची वाटते, असा त्यातील सूर आहे. फेलिक्सचे उत्तर येण्यास महिना लागला. त्याने एका कारागिराने दुसऱ्यास द्यावा तसा धंद्याचा आशीर्वाद दिला. रोजनिशीत तिने नोंदविले आहे की, त्याच्या मनातून हे आवडलेले नाही हे मला ठाऊक आहे, तरी अखेर एक चांगला शब्द त्याने दिला याचा आनंद वाटतो.

१४ मे १८४७ रोजी, रविवारच्या मैफलीसाठी फेलिक्सच्याच ‘वालपुर्गिसनाख्त’ची तालीम घेत असता तिला झटका आला आणि त्याच रात्री ती गेली. फेलिक्स त्या उन्हाळ्यात स्वित्झर्लंडमध्ये इंटरलाकेन येथे जाऊन राहिला आणि तेथे त्याने एफ्-मायनरमधील चतुष्टय लिहिले. प्रमाणबद्धतेचा एवढा आग्रही माणूस. पण या रचनेत ती सारी तटबंदी कोसळलेली आहे. बर्लिनला गेल्यावर फॅनीच्या वह्या पाहून त्याने काही रचना वेगळ्या काढल्या आणि लायप्त्सिगच्या ब्राइटकोप्फ उंड हेर्टेल या प्रकाशकांकडे नेल्या. ४ नोव्हेंबर रोजी तोही वारला. ओपस ८ ते ११ या क्रमांकांनी त्या रचना १८५० मध्ये फॅनीच्या नावाने बाहेर आल्या. त्यांतील शेवटची म्हणजे डी-मायनरमधील पियानो त्रिकूट.